हजार टनांची उल्का

परवां धाकट्या नातवास झोंप येईना. आर्थर क्लार्क ह्यांच्या ‘रांदेव्हू विथ रामा’ (१९७३) ह्या कादंबरींत सेकंदास ५० किलोमीटर वेगाची हजार टनांची उल्का उत्तर इटलीवर कोसळते. पाडुआ, व्हेरोना नष्ट होतात, व्हेनिस बुडतें. मीं पाटी मागविली. वस्तुमानाच्या निम्म्यास वेगाच्या वर्गानें गुणिलें : सव्वा ‘अंत्य’ जूल (लीलावतींतील हा शब्द आतां कोण वापरतो!), म्हणजे सुमारें ३ लाख टन टीएनटी. रशियांत चेल्याबिन्स्कवर १५ फेब्रुवारी २०१३ रोजीं आलेल्या उल्केची ऊर्जा सुमारें ५ लाख टन होती. ती ३० किलोमीटर उंचीवर फुटली, कांचा फुटून सुमारें दीड हजार माणसें जखमी झालीं, पण शहर उभें राहिलें. क्लार्कसाहेबांनीं वजनावर दोनतीन शून्यें कमीच दिलीं.

‘‘आणि तेवढीं शून्यें असलेली खरोखर आली तर?’’ नातवानें विचारलें.

पाटी पुन्हां पुसावी लागली.