शर्ट वर करून पाहा

"नस दबलीय" एवढं ऐकून तो तरुण माझ्याकडे आला. चार महिने कंबरेला पट्टा, शेक आणि गोळ्या. उताणं पडलं की ठणका वाढायचा, म्हणून भिंतीला उशी लावून तो बसल्या बसल्या झोपायचा. शर्ट वर करायला सांगितला. पाठीवर दुधाच्या चहाच्या रंगाचे सात-आठ डाग, मधूनमधून मऊ गाठी. "ते जन्मापासूनचे आहेत, डॉक्टर," आई म्हणाली. चार महिन्यांत ती पाठ कुणीच उघडून पाहिली नव्हती. मला ते अजून सलतं.

हे डाग म्हणजे न्यूरोफायब्रोमॅटोसिसची खूण. साधारण ३००० जन्मांत एकाला हा जनुकीय विकार असतो. त्यातल्या बहुतेक गाठी आयुष्यभर त्रास देत नाहीत. पण अशा शंभर जणांत ८ ते १३ जणांना कधीतरी मज्जातंतूच्या आवरणाचा कर्करोग होतो. इतरांत तो फारच विरळा. जुनी गाठ भराभर वाढू लागली, दुखण्याने रात्रीची झोप उडाली, पायातली ताकद कमी झाली, तर दिवस मोजत बसू नये.

एमआरआयवर गाठ कुठवर पसरली ते कळतं, ती कर्करोगाचीच आहे का ते खात्रीने कळत नाही. पेट स्कॅनमध्ये गाठीचा जो भाग सर्वांत जास्त उजळतो, तिथला तुकडा सुईने घ्यायचा. आणि सुई कुठून घालायची हेही पुढे शस्त्रक्रिया करणाऱ्यानेच ठरवावं, कारण ती वाटसुद्धा गाठीबरोबर कापून काढावी लागते.

बायोप्सीआधी सुरी लावू नका, हा माझा आग्रह आहे. या रोगात खरी आशा एकच: भोवतीच्या निरोगी पेशींसकट गाठ अखंड काढणं. साधी समजून ती तुकड्यातुकड्यांनी काढली, तर ही संधी बहुधा हातची जाते. मणक्यात तर मज्जारज्जू खेटूनच असतो. त्याला जपायचं म्हणून रेडिएशनचा डोसही मनासारखा वाढवता येत नाही. खारघरला २०२३ पासून मिळणारी प्रोटॉन किरणं इथेच उपयोगी पडू शकतात. केमोथेरपीला या गाठी फारशी दाद देत नाहीत.

गाठीबरोबर एक नस कापावी लागेल, पाऊल लुळं पडेल, हे त्या तरुणाला मी शस्त्रक्रियेआधीच सांगितलं. तो बराच वेळ पायाकडे बघत राहिला, मग सही केली.

आईने बाहेर बसलेल्या धाकटीला आत बोलावलं. तिच्याही पाठीवर तसेच डाग होते. दुखत काहीच नव्हतं. दर वर्षी तपासायच्या वहीत तिचं नाव त्याच दिवशी लिहिलं.