‘फ्रेंची’ म्हणून हाक मारलेले सैनिक

अमेरिकेच्या लुइझियाना राज्यातील केजन लोकांची फ्रेंच बोली ‘आपोआप’ मागे पडली, असे सांगणारे पंडित आहेत. रस्ते आले, रेडिओ आला, दुसरे महायुद्ध झाले, तरुण परमुलुखी गेले आणि घरची भाषा घरातच थकली, असा त्यांचा युक्तिवाद. आम्हांस तो मुळीच मान्य नाही. म्हातारपणाने मेलेल्याच्या अंगावर छडीचे वळ नसतात.

हे लोक मूळचे कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरील अकादीचे, फ्रेंच बोलणारे कॅथलिक. १७५५ पासून इंग्रजांनी त्यांना घरांतून उपसून गलबतांत कोंबले. सुमारे दहा हजार माणसे देशोधडीस लागली. त्यांतील काही कुटुंबे पुढे लुइझियानात स्थिरावली व तेथे पिढ्यान्‌पिढ्या आपल्या भाषेत नांदली. मग १९२१ च्या राज्यघटनेने सरकारी शाळांत केवळ इंग्रजीतूनच शिकवावे असे फर्मावले. (कोंकणीविरुद्धचे १६८४ चे पोर्तुगीज फर्मान आमच्या वाचकांस येथे आठवेल.)

त्या शाळांत गेलेली मुले पुढे सैनिक झाली आणि वृद्धपणी त्यांनी आपल्या आठवणी सांगितल्या. इंग्रजीचा एक शब्द येत नाही, लघवीला जाऊ का हे विचारता येत नाही. म्हणून भर वर्गात चड्डी ओली झालेले ते पोर. शाळेच्या आवारात फ्रेंच बोलणार नाही, हे वाक्य शेकडो वेळा लिहिण्याची शिक्षा. गुडघे टेकून उभे राहण्याची शिक्षा. आणि ज्या भाषेत आई रात्री जपमाळ सांगे, तीच ही भाषा! कॅथलिक शाळांनीही पुढे इंग्रजीच धरली, हे लिहिताना आमची मान खाली जाते.

सैन्यात त्यांना ‘फ्रेंची’ अशी हाक पडली. काहींचे इंग्रजी तर छावणीतच सुधारले. परंतु नोव्हेंबर १९४२ मध्ये उत्तर आफ्रिकेत आणि जून १९४४ मध्ये नॉर्मंडीत सैन्य उतरले, तेव्हा साहेबलोकांना याच पोरांची गरज भासली. शत्रू कोणत्या वाटेने गेला, पूल शाबूत आहे काय, हे गावकऱ्यांना दुसरे कोण विचारणार? काहींना गुप्तहेर खात्यानेही उचलले.

आता पंडित म्हणतात, युद्धावरून परतून यांनीच आपल्या मुलांशी इंग्रजी बोलायला आरंभ केला; दोष कोणाला द्यावा? ज्याने स्वतः छडी खाल्ली, तो बाप आपल्या लेकराला त्याच छडीखाली लोटील काय? याला स्वेच्छा म्हणणे आम्हांस निर्दयपणाचे वाटते.

त्यांच्या युद्धकार्याचे गोडवे गाणाऱ्यांशीही आमचे पटत नाही. फ्रेंच युद्धात कामी आली म्हणून थोर, असे मानले तर युद्ध संपताच ती पुन्हा निरुपयोगी ठरते. तसेच झालेही.

१९६८ मध्ये राज्याला उपरती झाली. फ्रेंचच्या संवर्धनासाठी ‘कोडोफिल’ ही सरकारी संस्था निघाली, फ्रान्स, बेल्जियम व क्वेबेकहून शिक्षक आणवले गेले. नातवंडे वर्गातून प्रमाण फ्रेंच शिकू लागली आणि आजोबांची बोली मात्र ‘अशुद्ध’ म्हणून दाराबाहेर राहिली. नॉर्मंडीच्या शेतकऱ्याला जी बिनचूक कळली, ती लुइझियानाच्या वर्गात का चालू नये, हे आम्हांस कोणी समजावून सांगेल काय?