‘ओउका’ या एका शब्दावर चाचणी पास कशी?

टोकियोतल्या निशी-कासाईच्या वाचकांची पत्रे या महिन्यातही त्याच दुखण्याची आहेत. फॉर्मवर हान्को, म्हणजे नावाचा शिक्का, बसवायचा साधा प्रोग्राम. शिक्क्याचे चित्र माउसने उचलायचे आणि चौकटीत सोडायचे. चाचणीत पास झालेला हा प्रोग्राम ग्राहकाकडे गेला की शिक्का कर्सरला चिकटून फिरत राहतो. बोट केव्हाच उचललेले असते, शिक्का सुटत नाही.

कारण आपल्यापैकी कोणाला सांगायला नको. विंडोजचे सेटकॅप्चर केलेले नव्हते, बटण खिडकीबाहेर सुटले आणि एलबटनअप हा संदेश आपल्यापर्यंत आलाच नाही. पण चाचणीला हे दिसले कसे नाही? दिसले नाही, कारण चाचणीच्या तक्त्यात त्यासाठी ओळच नव्हती. शियोशोत, म्हणजे कामाच्या तपशीलपत्रात, लिहिलेले असते ‘ओउका’, म्हणजे बटण दाबणे. तक्त्यातही तेच उतरते. मग एव्हिडन्स म्हणून एक्सेलमध्ये आधीचा एक आणि नंतरचा एक स्क्रीनशॉट चिकटवायचा, लाल चौकट काढायची, तपासणाऱ्याची सही घ्यायची. एका वाचकाला हा दोष पहिल्याच आठवड्यात दिसला होता. नोंदवायला गेला तर विचारणा झाली, तक्त्यातली कितवी ओळ? ओळ नाही, म्हणून दोष नाही. तीच फाइल लाल चौकटी एका रेषेत नाहीत म्हणून मात्र दोनदा परत आली. हे संतापजनक आहे, आणि वर्षानुवर्षे आपण ते मुकाट्याने सोसत आलो आहोत.

स्थिर चित्रात हालचाल दिसणार कशी? दाबणे, धरून सरकवणे आणि सोडणे या तीन वेगळ्या घटना आहेत. धरलेले मध्येच हातातून जाणे ही चौथी, आणि ती तर आपणही विसरतो. ओढता ओढता संदेशपेटी उघडली की कॅप्चर जाते. कॅप्चरचेंज्डमध्ये ड्रॅगचा फ्लॅग पुसला नाही, तर सेटकॅप्चर करूनही शिक्का चिकटतोच.

आपल्याकडचे काही जणही ऐकत नाहीत. एक्स काढायला अजून लोवर्ड वापरतात. कॅप्चर असताना कर्सर खिडकीच्या डाव्या कडेपलीकडे १० पिक्सेल गेला, की उणे १० ऐवजी ६५५२६ हाती येते आणि शिक्का दिसेनासा होतो. मायक्रोसॉफ्टच्या कागदपत्रांत याबद्दल स्पष्ट ताकीद आहे. दुसरे काही जण टायमरमध्ये गेटअसिंककीस्टेट विचारत बसतात. ते भौतिक बटण वाचते. एखाद्या डावखुऱ्याने विंडोजमध्ये बटणांची अदलाबदल केली असेल, तर भलतेच बटण वाचले जाते. आपल्या शेजारीच बसणाऱ्या माणसाला आपण असे अडवतो.

दाबताक्षणीच काम उरकू नये, निदान ते रद्द करता किंवा उलटवता यावे, ही अट वेब-सुगम्यतेच्या डब्ल्यूसीएजी २.१ मध्ये जून २०१८पासून आहे, तीही ‘ए’ या पहिल्याच स्तरावर. नियम वेबसाठीचा असला तरी थरथरणारा हात सगळीकडे तोच. बैठकीत हा मुद्दा काढला की उत्तर ठरलेले असते: जेआयएस या जपानी मानकात नाही. जेआयएस एक्स ८३४१-३ ची २०१६ची आवृत्ती २००८च्या डब्ल्यूसीएजी २.० वर बेतलेली आहे, मग तिच्यात हे असेल कसे? मानकात नाही म्हणून ग्राहकाला सदोष वस्तू द्यायची का?

मित्रांनो, हा दोष हँडलरमध्ये गुपचूप दुरुस्त करून गप्प बसू नका. पुढच्या कामावर दुसरा येतो आणि त्याच्या हाती तोच तक्ता पडतो. ‘ओउका’च्या खाली चार ओळी मागून घ्या: आत दाबून बाहेर सोडणे, बाहेर दाबून आत सोडणे, ओढताना पेटी उघडणे, बटणे अदलाबदल करून तेच सारे पुन्हा. पुरावा म्हणून घटनांची नोंद द्या, वेळ, संदेश आणि एक्स-वाय यांसह. एक्सेलमध्ये तीही चिकटवता येते, त्यामुळे नमुना बदलायची सबब कोणी सांगू शकणार नाही.

ग्राहकाचा तक्ता आम्हाला पाठवू नका, तो गोपनीय असतो. तुम्ही स्वतः लिहिलेल्या ओळी तेवढ्या मराठीत आणि जपानीत पाठवा. २० तारखेपर्यंत आलेल्या सगळ्या पुढच्या अंकात छापू, म्हणजे नव्याने येणाऱ्या मुलामुलींना त्या जशाच्या तशा उतरवून घेता येतील.