गुरांच्या डॉक्टरांचा थकवा

महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने २०२५ मध्ये पशुधन विकास अधिकाऱ्यांच्या २,७९५ पदांसाठी जाहिरात काढली, तेव्हा तिची चर्चा झाली ती नोकरीची संधी म्हणून. पण एका फटक्यात इतकी पदे भरायला निघतात, याचा दुसरा अर्थ असा की तोवर त्या पदांचे काम दुसरेच कोणीतरी ओढत होते. एका दवाखान्याच्या डॉक्टरकडे शेजारच्या दोन-तीन गावांचा ‘अतिरिक्त कार्यभार’ असणे पशुसंवर्धन खात्यात इतके अंगवळणी पडले आहे, की त्यात कोणाला वावगे वाटत नाही. आरोग्याच्या दृष्टीने मात्र तो शब्द महत्त्वाचा आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने मे २०१९ मध्ये आजारांच्या नव्या वर्गीकरणात ‘बर्नआउट’ची व्याख्या केली. संघटना त्याला आजार म्हणत नाही. कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा ताण नीट हाताळला गेला नाही की उद्भवणारी अवस्था म्हणते. तिची लक्षणे तीन: शक्ती संपल्यासारखे वाटणे, कामाबद्दल तुटलेपण किंवा कडवटपणा येणे आणि आपल्या हातून काही धड होत नाही अशी भावना. साधा थकवा रविवारी झोप काढली की जातो, हा जात नाही. एरवी प्रत्येक जनावराला नावाने ओळखणारा डॉक्टर शेतकऱ्यावर खेकसू लागला, तर तो स्वभावाचा दोष असेलच असे नाही.

या व्यवसायातील ताणाकडे जगाचे लक्ष गेले ते दुःखद आकड्यांमुळे. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने १९७९ ते २०१५ या काळातील पशुवैद्यकांच्या मृत्यूंचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. सर्वसामान्य लोकांच्या तुलनेत आत्महत्येने मृत्यू होण्याचे प्रमाण पुरुष पशुवैद्यकांत सुमारे दुप्पट आणि महिलांत साडेतीनपट आढळले. तिथे त्यामागे शिक्षणाचे प्रचंड कर्ज, पाळीव प्राण्यांच्या मालकांचा रोष आणि वारंवार करावी लागणारी दयामरणे, अशी कारणे सांगितली जातात. पुण्या-मुंबईतल्या कुत्र्या-मांजरांच्या दवाखान्यांत यातले बरेच ओळखीचे वाटेल. रावेर किंवा उमरग्याच्या डॉक्टरचे दुखणे मात्र वेगळे आहे.

२०२२ चा लम्पी आठवून पाहावा. ऑगस्टच्या सुरुवातीला जळगाव जिल्ह्यातल्या चिनावलला रोग दिसला आणि पुढच्या काही महिन्यांत राज्यातल्या जवळजवळ सगळ्या, म्हणजे सुमारे १ कोटी ४० लाख गाई-बैलांना लस टोचली गेली. लस शेळ्यांच्या देवीची होती. लम्पीवर तीच चालत होती. हे काम गोठ्यागोठ्यांत फिरून झाले, पावसात, बिथरलेले जनावर धरायला माणूस असो वा नसो. दिवसा लसीकरण, संध्याकाळी आजारी जनावरांवर उपचार, रात्री अहवाल. आणि जनावर दगावलेच तर शासनाच्या मदतीसाठी (दुभत्या गाईला ३० हजार, बैलाला २५ हजार) पंचनाम्याला पुन्हा पशुवैद्यकच. चार दिवस सलाइन लावूनही जी गाय वाचली नाही, तिच्याच मृत्यूच्या कागदावर सही करायची, मालक शेजारी उभा असताना.

अमेरिकी तत्त्वज्ञ बर्नार्ड रोलिन यांनी १९८० च्या दशकात अशा ताणाला ‘नैतिक ताण’ म्हटले: योग्य काय ते कळते, पण तसे करता येत नाही. पाश्चात्त्य डॉक्टरला तो बहुधा निरोगी प्राण्याला मारावे लागते म्हणून येतो. आपल्याकडे उलटे घडते. उठू न शकणाऱ्या, वेदनेने तळमळणाऱ्या जनावराला मुक्त करण्याची वाट प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने १९६० पासून ठेवली आहे, पण गाईबाबत ती सुचवणे गावात जवळजवळ अशक्य. मग डॉक्टर वेदनाशामक टोचत राहतो. दुसरीकडे जे जनावर नक्की बरे होईल, त्याचे औषध दवाखान्यात नसते. बाहेरची चिठ्ठी लिहून दिली की शेतकरी आधी औषधाची किंमत विचारतो, मग मनातल्या मनात गाईची.

एक गोष्ट आरोग्याच्या स्तंभात सांगायलाच हवी. अडलेल्या गाईचे वासरू ओढताना, वार काढताना डॉक्टरचा हात खांद्यापर्यंत आत असतो. यातून ब्रुसेलोसिसचा संसर्ग होऊ शकतो. वासरांना देतात ती त्याची लस जिवंत जंतूंची असते, चुकून स्वतःलाच सुई लागली तरी धोका. येऊन-जाऊन ताप, सांधेदुखी आणि महिनोन्‌महिने न हटणारी मरगळ ही त्याची लक्षणे. म्हणजे ‘कामाचा ताण आहे’ म्हणून ज्याची बोळवण होते, त्याला कदाचित रक्ततपासणीची आणि प्रतिजैविकांची गरज असते.

एरवी उपाय म्हणून काय होते? ताणमुक्तीवर व्याख्यान, योगाचे शिबिर. वाईट काहीच नाही. फक्त त्या दिवशीचे लसीकरण दुसऱ्या दिवसावर ढकलले जाते. व्याख्येतच जर मूळ कामाच्या ठिकाणी आहे, तर औषधही तिथेच लागेल. राष्ट्रीय कृषी आयोगाने १९७६ मध्ये पाच हजार जनावरांमागे एक पशुवैद्यक असावा असे सुचवले होते. २०१९ च्या पशुगणनेतल्या फक्त गाई-म्हशी मोजल्या, तरी राज्याला जवळपास ३,९०० डॉक्टर लागतात. २,७९५ पदांची जाहिरात या आकड्याशेजारी ठेवली की पोकळीचा अंदाज येतो.

पदे भरल्यावरही प्रश्न उरतीलच. रात्री-अपरात्रीचा फोन एकाच डॉक्टरने का घ्यावा? लगतच्या चार दवाखान्यांनी पाळ्या लावल्या तर प्रत्येकाला आठवड्यातल्या काही रात्री तरी सलग झोप मिळेल. १९६२ क्रमांकाची फिरती पथके यात जोडता येतील. कानातल्या बिल्ल्याचा बारा अंकी क्रमांक भारत पशुधन प्रणालीवर भरायला डॉक्टरच कशाला हवा? आणि नवा डॉक्टर, त्यातही एकटी राहणारी तरुणी, पहिल्याच नेमणुकीत आडवळणाच्या गावी जात असेल, तर तिथे शौचालय, रात्री सोबतीला परिचर आणि अवघड केसमध्ये फोन उचलणारा एखादा ज्येष्ठ सहकारी आहे की नाही, हे रुजू होण्याआधी पाहणे खात्याला जड जाऊ नये.

ज्यांना आजच मन मोकळे करण्याची गरज वाटते, त्यांच्यासाठी केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनाशुल्क उपलब्ध आहे. तिथे मराठीतही बोलता येते.