देवांची नवी वस्त्रे

गेल्या पंधरवड्यात आमच्या घरी एक लहानसा वाद उपस्थित झाला, आणि वयोमानाप्रमाणे त्याचा निवाडा आमच्याकडे आला. महाविद्यालयात शिकणारी आमची नात संगणकावर 'केऑस' नावाची इंग्रजी मालिका पाहात होती. इतक्यात तिच्या आजीचे तिकडे लक्ष गेले. ग्रीकांचा देवाधिदेव झ्यूस खेळाडूंच्या पोषाखात महालात हिंडतो आहे, आणि कपाळावर सुरकुती दिसली म्हणून राज्य जाण्याच्या भीतीने व्याकूळ झाला आहे! आजी म्हणाल्या, "देव कोणाचेही असोत, त्यांची ही थट्टा या घरात नको."

आक्षेप आम्हांस प्रथमदर्शनी पटला. परंतु न वाचता उत्तरपत्रिका तपासणे हा शिक्षकाचा धर्म नव्हे, म्हणून दुपारच्या निवांत वेळी आम्ही मालिकेचे आठही भाग एकट्याने पाहिले. चार्ली कोवेल यांची ही कृती नेटफ्लिक्सने २९ ऑगस्ट २०२४ रोजी प्रसिद्ध केली. तीत प्रौढांसच योग्य अशी दृश्ये आहेत. लहान मुलांस ती दाखवू नये हे आमचे स्पष्ट मत आहे.

मात्र जुन्या कथेत चालू काळ पाहण्याची रीत आपणांस परकी नाही. आमच्याच जिल्ह्यात, नेवासे येथे, शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरांनी गीता मराठीत आणली, ती घरगुती दृष्टांतांनी नटवून. पुढे १९०७ साली कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'कीचकवध' रंगभूमीवर आले. कथा विराटपर्वातली, परंतु प्रेक्षकांनी कीचकाच्या ठिकाणी लॉर्ड कर्झन ओळखला, सैरंध्रीच्या ठिकाणी पीडित मायभूमी, आणि भीम-युधिष्ठिरांच्या वादात जहाल-मवाळांचा वाद. सरकारनेही ते ओळखले आणि १९१० साली नाटकावर बंदी घातली. तेव्हा वस्त्र जुने की नवे हा मुद्दा गौण होय. त्या वस्त्राआड मूळ कथेतला पेच जिवंत राहिला आहे काय, एवढेच पाहावे.

त्या दृष्टीने ऑर्फियसची कथा पाहा. मूळ कथेत हा गायक मृत पत्नी युरिडिसीस आणण्यासाठी पाताळात जातो. मागे वळून न पाहण्याच्या अटीवर ती त्यास मिळते. तो वळून पाहतो, आणि ती कायमची अंतरते. पतिप्रेमाची ही करुण कथा म्हणून आम्ही वाचीत आलो. मालिकेत ऑर्फियस हल्लीचा लोकप्रिय गायक आहे, आणि पत्नीचे त्याच्यावरील प्रेम मृत्यूपूर्वीच आटले आहे. परलोकीच्या प्रवासासाठी तिच्याबरोबर द्यावयाचे नाणे तो आठवण म्हणून स्वतःजवळ ठेवतो, आणि तेणेकरून तिची गतीच खुंटते. नात म्हणाली, "आजोबा, तिला परत यायचं आहे का, हे त्यानं विचारलंच नाही."

हे वाक्य ऐकून आम्हांस आमचा एक जुना तास आठवला. द्यूतप्रसंग शिकवीत असता एका मुलीने उठून विचारले होते, "गुरुजी, पणाला लावण्याआधी द्रौपदीला विचारलं होतं का?" मोठ्यांच्या गोष्टीत लहानांनी तोंड घालू नये, असे सांगून आम्ही तिला तासभर उभे केले. वर्ग हसला, ती रडली नाही, परंतु त्या वर्षी पुन्हा एकही प्रश्न तिने विचारला नाही. वस्तुतः व्यासांच्या द्रौपदीनेच सभेत याहून अवघड प्रश्न घातला आहे: जो आधी स्वतःस हरला, त्यास मला पणाला लावण्याचा अधिकार राहिला काय? धर्माची गती सूक्ष्म आहे, इतकेच भीष्म म्हणाले. निर्णय त्यांच्यानेही झाला नाही. परंतु प्रश्न विचारला म्हणून त्यांनी तिला दटावले नाही. संस्कृत आम्ही शिकलो, शिकविलेही. ही मर्यादा मात्र शिकलो नव्हतो.

म्हणून आमचा निवाडा असा: मालिका घरात बंद होणार नाही; मात्र जिने पाहिली, तिने रात्री जेवणानंतर त्यातील कथा सर्वांस सांगावी, आणि आम्ही मूळ कथा सांगावी. पहिल्याच रात्री आजी वाती वळीत दूर बसल्या होत्या. युरिडिसीची हकीकत संपली तेव्हा त्या म्हणाल्या, "सावित्रीला यमानंसुद्धा विचारलं होतं, काय हवं म्हणून." आणि वातींचे तबक घेऊन त्या जवळ येऊन बसल्या.