सुट्टीतले दोन महिने, इस्तंबूलच्या एका मासिकात

दहावी-बारावीचे निकाल लागले की पालकांचे प्रश्न आमच्यापर्यंत येऊ लागतात. कुठली शाखा, कुठले कॉलेज, फी किती. मागच्या वर्षी मात्र एक निराळाच प्रश्न आला. आमच्या शाळेत दहावीपर्यंत उर्दू माध्यमात शिकलेली, रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खेड्यातली मुलगी सध्या इस्तंबूलमध्ये पत्रकारिता शिकते. पहिले वर्ष तुर्की भाषेचे गेले, मग अभ्यासक्रमाची दोन वर्षे झाली. उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी न येता ती तिथल्याच एका छोट्या मासिकात दोन महिने उमेदवारी करू म्हणत होती. तिच्या अब्बांचा प्रश्न सरळ होता: "दोन वर्षे झाली, पोरीचे तोंड पाहिले नाही. आता बिनपगारी राबायला तिथेच राहू द्यायचे का?"

हा प्रश्न एका घरापुरता नाही. आपली मुले-मुली आता दूरदूर शिकायला जातात. म्हणून त्या दोन महिन्यांची हकीकत वाचकांपुढे ठेवावी असे आम्हाला वाटले.

आधी पैशांचे. ही मुलगी तुर्की सरकारच्या 'तुर्किये बुर्सलारी' या शिष्यवृत्तीवर गेली आहे. तीत फी, वसतिगृह, आरोग्य विमा, दरमहा खर्चाची रक्कम आणि एक वर्षाचे भाषाशिक्षण मिळते. विमानाचे तिकीट मात्र पहिल्यांदा जाताना आणि शिक्षण संपवून परतताना, एवढेच. मधल्या सुट्टीत घरी यायचे तर पदरचे पैसे. अब्बा खासगी बसवर ड्रायव्हर. तिकिटासाठी बाजूला ठेवलेली रक्कम होती, पण तिच्या धाकट्या भावाचा डिप्लोमाचा प्रवेशही त्याच महिन्यात होता. म्हणजे एकाच पाकिटावर दोन मुलांची नावे होती. त्यात दादीच्या डोळ्याचे ऑपरेशन ठरलेले, आणि "नात येईल तेव्हाच पट्टी काढा" असे तिचे म्हणणे.

आम्ही 'होय' किंवा 'नको' सांगितले नाही. तो हक्क वालिदैनचा. आम्ही फक्त एवढेच म्हटले की मुलीकडून चार गोष्टी लेखी मागवा. हे काम अभ्यासक्रमाचा भाग आहे का? अपघात विमा कोण भरणार? कामाची वेळ कोणती? आणि सुट्टीत वसतिगृह चालू राहणार का? तीन दिवसांत उत्तरे आली. तुर्कस्तानात अशा उमेदवारीला 'स्ताज' म्हणतात आणि तिच्या अभ्यासक्रमात ती सक्तीची आहे. कामाच्या दिवसांचा विमा विद्यापीठच भरते. वेळ सकाळी नऊ ते सहा, शनिवार-रविवार सुट्टी. मुलींचे वसतिगृह चालू. पगार नाही, पण दुपारचे जेवण आणि जाण्या-येण्याचे भाडे मासिक देणार. अब्बांनी कागद दोनदा वाचून घेतला. तिकिटाचे पैसे भावाच्या प्रवेशाला गेले. दादीची पट्टी नातीविनाच निघाली.

मासिकाचे कार्यालय इस्तंबूलच्या जुन्या भागात, 'बाब-ए-आली'च्या उतारावर आहे. उस्मानी सल्तनतीच्या वजीर-ए-आझमचा दरबार इथे भरे, म्हणून हे नाव. पुढे इथेच वृत्तपत्रांची कार्यालये आणि छापखाने दाटले. मोठी दैनिके आता शहराबाहेर गेली, तरी लहान प्रकाशने आणि पुस्तकांची दुकाने टिकून आहेत. तीन खोल्या, पाच माणसे, आणि दर तासाला कमरेशी निमुळत्या काचेच्या पेल्यातून चहा.

पहिल्या आठवड्यात तिच्या वाट्याला प्रूफे आली. आज तुर्की भाषा रोमन लिपीत लिहिली जाते आणि तिच्यात दोन 'आय' आहेत, एक टिंबाचा आणि एक बिनटिंबाचा. दोघांचे उच्चार वेगळे. एका पाककृतीत 'कोमट' या शब्दावर चुकून टिंबे पडली आणि त्याचा अर्थ 'हाडातला मगज' असा झाला. ते तिने पकडले. आम्हाला याचे नवल वाटले नाही. नुक्ता वरून खाली सरकला की 'खुदा'चे 'जुदा' होते, हे उर्दू शाळेतले पहिलीचे मूलही जाणते. टिंबाकडे पाहण्याची सवय तिला तिथे लागलेली नव्हती, ती घरूनच घेऊन गेली होती.

भाषेच्या गमतीही तिने कळवल्या. किताब, कलम, दफ्तर, तारीख, दुकान, हवा, साबण हे शब्द थोड्या फरकाने तिथेही आहेत. हॉटेलात बिल मागायचे तर 'हेसाप' म्हणायचे, म्हणजे आपला हिशेब. पण ओळखीचा शब्द दगाही देतो. एका फॉर्मवर तिच्या नावापुढे 'बेकार' लिहिलेले पाहून ती हिरमुसली. नंतर कळले की तुर्कीत त्याचा अर्थ अविवाहित! 'मुसाफिर' म्हणजे तिथे प्रवासी नव्हे, पाहुणा.

आता मुख्य गोष्ट. कार्यालयाकडे जाणाऱ्या दिवानयोलू रस्त्यावर सुलतान महमूद दुसरे यांची कबर आहे आणि तिच्याभोवती एक जुने कब्रस्तान. याच सुलतानांच्या काळात, १८३१ साली, 'तकवीम-ए-वकाये' हे पहिले उस्मानी तुर्की वृत्तपत्र निघाले. संगमरवरी कबरींच्या दगडांवर पुरुषांसाठी पगडी किंवा फेज टोपी कोरलेली, स्त्रियांसाठी फुले. रोज हजारो माणसे लोखंडी जाळीपाशी थांबतात, फोटो काढतात आणि पुढे जातात. दगडावर काय लिहिले आहे, ते बहुतेकांना वाचता येत नाही.

याचे कारण इतिहासात आहे. तुर्की भाषा शतकानुशतके अरबी लिपीत लिहिली जात होती. १ नोव्हेंबर १९२८ रोजी रोमन अक्षरांचा कायदा झाला. डिसेंबरपासून वृत्तपत्रे आणि १ जानेवारी १९२९ पासून पुस्तके नव्या लिपीत छापणे बंधनकारक झाले. नवी लिपी शिकायला सोपी होती आणि साक्षरता वाढली, हे नाकारता येणार नाही. पण आजोबांची पत्रे नातवाला परकी झाली, हेही तितकेच खरे. कार्यालयातही जुनी लिपी फक्त एका वयस्क संपादकांना येत होती. तरुणांपैकी कोणालाच नाही.

आमची विद्यार्थिनी जाळीपाशी उभी राहिली आणि तिने वरची ओळ वाचली: 'हुवल बाकी', बाकी राहणारा तोच. शेवटच्या ओळीत फातिहाची विनंती. मधले काही शब्द लागले, काही अडले. उर्दूमुळे अक्षरे ओळखता आली, तुर्की शिकल्यामुळे अर्थ जुळवता आला. दोन्हींपैकी एक नसते तर दगड मुकाच राहिला असता. संपादकांनी तिला काम नेमून दिले: पाच कबरींचे लेख वाचायचे, त्यांच्याकडून तपासून घ्यायचे आणि दोन पानांचा मजकूर तयार करायचा.

त्यात ती चुकलीसुद्धा. एका दगडावरचे १३१० हे साल तिने हिजरी धरले आणि इसवी १८९२ लिहिले. संपादकांनी विचारले, "हिजरी कशावरून?" उस्मानी सरकारने कारभारासाठी 'रूमी' नावाचे सौर वर्षही चालवले होते. त्यात ५८४ मिळवले की इसवी सन येतो. म्हणजे १३१० रूमी असेल तर साल १८९४. आपल्याकडे शके आणि इसवी सन यांत ७८ वर्षांचा फरक असतो, तो लगेच नजरेत भरतो. इथे फरक दोनच वर्षांचा, म्हणून चूक सहज निसटते. महिना पाहिला तेव्हा उलगडा झाला: रूमी वर्षात मार्च, ऑगस्ट अशी सौर महिन्यांची नावे असतात, आणि दगडावर तसेच नाव होते. तिने पाचही दगडांचे महिने पुन्हा जाऊन तपासले. वर्गात आम्ही शंभरदा "पडताळा करा" सांगतो. एका प्रश्नाने ते तिच्या अंगवळणी पडले.

शनिवार-रविवार भटकंतीचे. सोबत वसतिगृहातल्या दोन मैत्रिणी, एक बोस्नियाची आणि एक इंडोनेशियाची. खर्च कमी, कारण विद्यार्थ्यांना प्रवासाच्या कार्डावर सवलत मिळते आणि मशिदींत नमाजीला तिकीट नाही. आयासोफियात परदेशी पर्यटक पैसे भरून वरच्या सज्ज्यात जातात. या तिघी जुहरच्या जमातीला गेल्या. ५३७ साली चर्च म्हणून उभी राहिलेली ही वास्तू १४५३ मध्ये मशीद, पुढे संग्रहालय आणि २०२० पासून पुन्हा मशीद झाली. पण तिचे मन रमले ते सुलेमानियात. वास्तुविशारद सिनान यांनी १५५७ मध्ये पूर्ण केलेल्या या मशिदीच्या अंगणातून खाली खाडीचे पाणी दिसते. सिनान यांची स्वतःची कबर आवाराच्या कोपऱ्यात, अगदी साधी. अय्यूब भागात हजरत अबू अय्यूब अन्सारी (रजि.) यांच्या मजारीवर तिने दादीच्या डोळ्यांसाठी दुआ केली. बोटीने वीस मिनिटांत युरोपातून आशियात, हातात तिळाची गोल 'सिमित', मागे सीगल पक्षी. हा तिचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत आवडता प्रवास.

बायजीद मशिदीजवळच्या जुन्या पुस्तकांच्या बाजारात इब्राहिम मुतफर्रिका यांचा पुतळा आहे. त्यांच्या छापखान्यातून १७२९ साली पहिले पुस्तक निघाले, एक शब्दकोश. आपल्या गोव्यात छापखाना १५५६ मध्येच आला होता, हे तिने कार्यालयात सांगितले तेव्हा सगळे चकित झाले. बाजाराशेजारीच १८८४ साली स्थापन झालेले सरकारी ग्रंथालय आहे. तिथे तिने 'हानुमलारा महसूस गझेते' हे स्त्रियांसाठीचे नियतकालिक पाहिले. ते १८९५ ते १९०८ या काळात निघत होते. त्यात लिहिणाऱ्या फातिमा आलिया यांचे चित्र आज ५० लिराच्या नोटेवर आहे.

हे वाचून आम्हाला लाहोरचे 'तहजीब-ए-निस्वाँ' आठवले. उर्दूतले हे स्त्रियांचे साप्ताहिक १८९८ मध्ये सुरू झाले. मुंबईच्या अतिया फैजी १९०६ साली शिक्षिकेच्या प्रशिक्षणासाठी लंडनला गेल्या आणि तिथला रोजनामचा त्यांनी घरी लिहून पाठवला. तो याच साप्ताहिकात छापून आला. अतिया यांचा जन्म इस्तंबूलचा आणि त्यांची बहीण नाझली जंजिऱ्याची बेगम. शिकायला गेलेल्या मुलीने परमुलखात पाहिलेले लिहावे आणि घरोघरच्या बायकांनी ते वाचावे, हा रिवाज आपल्याकडे शंभर वर्षांहून जुना आहे.

अम्मीची रात्र मात्र लांबत असे. जूनमध्ये तिथे मगरिब पावणेनऊच्या सुमारास, तेव्हा इकडे सव्वाअकरा वाजलेले. वसतिगृहात पोहोचल्याचा फोन आल्याशिवाय ती झोपत नसे. एकदा तिने आम्हाला विचारले, "टीचर, एवढे पाहिल्यावर पोरगी आपली राहील का?" या प्रश्नाला आमच्याकडे पुराव्यासह उत्तर नव्हते. एवढे सांगितले की ज्या मुलीने परक्या शहरात उभे राहून शाळेतल्या अक्षरांनी दगड वाचला, ती काय विसरली आहे ते शोधावे लागेल.

सप्टेंबरच्या अंकात दोन पानांचा मजकूर आला. खाली तिचे नाव, बारीक टाइपात. पैसे मिळाले नाहीत. संपादकांचे शिफारसपत्र मिळाले, आणि पुढच्या वर्षी मोबदल्यावर काम देण्याची तयारी त्यांनी दाखवली. दादीने नव्या डोळ्याने तो अंक पाहिला. तुर्की तिला येत नाही, पण दगडाच्या फोटोवरची पहिली ओळ तिने बोट ठेवून वाचली.

आता वाचकांसाठी काही गोष्टी. मुलाला-मुलीला अशी संधी आली तर संस्थेचे पत्र विद्यापीठामार्फत घ्या. केवळ फोनवरच्या आश्वासनावर जाऊ देऊ नका. व्हिसा फक्त पर्यटनाचा असेल तर त्यावर काम करता येते असे गृहीत धरू नका, तसे केल्यास पुढचे शिक्षण अडचणीत येऊ शकते. बिनपगारी काम दोन-तीन महिन्यांपुरते आणि शिकवणारे असेल तरच ठीक, नाहीतर ती फुकटची राबवणूक आहे. तिथे शिकवणारा माणूस कोण, हे आवर्जून विचारा. आणि 'तुर्किये बुर्सलारी'साठी अर्ज साधारण जानेवारी-फेब्रुवारीत असतात. पदवीसाठी वय २१ च्या आत आणि किमान ७० टक्के गुण लागतात. बारावीची मुले घरात असतील तर आतापासून कागदपत्रे तयार ठेवा.

शेवटी उर्दू माध्यमातल्या पालकांना एक विनंती. "उर्दूने काय मिळणार?" हा प्रश्न आम्ही दर जूनमध्ये प्रवेशाच्या वेळी ऐकतो. एकट्या उर्दूने नोकरी मिळेल असे आम्ही म्हणणार नाही. त्या मुलीला मराठी, इंग्रजी आणि तुर्कीही नीट यावी लागली. पण मुलाला घरात दुसरे काही शिकवता आले नाही तरी रोज पंधरा मिनिटे त्याच्याकडून उर्दूचे एक पान मोठ्याने वाचून घ्या. तुमची पत्रे, तुमच्या बुजुर्गांच्या वह्या आणि कब्रस्तानातले दगड त्याला वाचता आले पाहिजेत.