रोलरवरचा आकडा आणि इंजिनाची शक्ती

मोटारीच्या इंजिनाची शक्ती तपासण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या डायनॅमोमीटर या यंत्राविषयी दोन मते हिरिरीने मांडली जातात. पहिल्या मतानुसार, गाडीची चाके रोलरवर चढवून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर पडद्यावर जो आकडा उमटतो तो अंतिम असून, निर्मात्याच्या माहितीपत्रकाशी तो जुळला नाही की निर्माता खोटा ठरतो. दुसऱ्या मतानुसार, हा आकडा यंत्रागणिक आणि दिवसागणिक बदलत असल्यामुळे, गाड्यांची ताकद वाढवून देणाऱ्या गॅरेजांच्या जाहिरातीपलीकडे त्याला काही किंमत नाही. ही मते परस्परविरोधी दिसत असली तरी, यंत्राने थेट शक्तीच मोजली पाहिजे ही दोहोंची अपेक्षा सारखीच आहे, आणि चूक तिथेच आहे.

शक्ती ही प्रत्यक्ष मोजली जाणारी राशी नव्हे. ती हिशेबाने काढली जाते. फ्रेंच अभियंता गास्पार द प्रोनी याने 1821 मध्ये तयार केलेल्या ब्रेकमध्ये फिरत्या दांड्याभोवती लाकडी ठोकळे आवळले जात आणि त्यांना जोडलेली तरफ दांड्याबरोबर फिरू नये म्हणून तिच्या टोकाला वजने लावली जात. ती वजने आणि तरफेची लांबी यांवरून टॉर्क, म्हणजे दांड्याला पिळून फिरवणारा जोर, कळे, आणि दांड्याचे मिनिटाचे फेरे वेगळे मोजले जात. पुढे लाकडाच्या जागी पाणी आले, नंतर चुंबकीय क्षेत्रात फिरणाऱ्या धातूच्या चकतीत विद्युतप्रवाह उत्पन्न करून तिला रोखणारा एडी करंट ब्रेक आला, पण हिशेब तोच राहिला. न्यूटन-मीटरमधील टॉर्कला मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणून 9,549 ने भागले की किलोवॉट मिळतात. 4,000 फेऱ्यांना 200 न्यूटन-मीटर देणारे इंजिन त्या क्षणी सुमारे 84 किलोवॉट, म्हणजे 114 मेट्रिक अश्वशक्ती देत असते.

आता टॉर्क कोठे मोजला, हा प्रश्न कळीचा ठरतो. निर्माता इंजिन गाडीबाहेर काढून चाचणी-चौथऱ्यावर बसवतो आणि ब्रेक थेट क्रँकशाफ्टला जोडतो; गॅरेजमधील रोलरवर मात्र क्लच, गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि टायर यांतून गळून उरलेली शक्तीच पोहोचते. 114 च्या गाडीने रोलरवर 95 दाखवले म्हणून फसवणुकीचा आरोप करणारा मालक दोन वेगळ्या ठिकाणची मापे शेजारी ठेवत असतो, आणि त्या आरोपाचे खंडन एवढ्यावरच होते.

गॅरेजवाल्यांनी त्यावर काढलेला तोडगा अधिक सदोष आहे. मधल्या यंत्रणेत सरसकट 15 टक्के शक्ती वाया जाते असे गृहीत धरून ते चाकांवरील आकडा फुगवतात आणि त्याला इंजिनाची शक्ती म्हणतात. यातला पहिला दोष केवळ अंकगणिताचा आहे: चाकांवर 85 आले असता कोणी 0.85 ने भागून 100 सांगतो, तर कोणी 1.15 ने गुणून 98. दुसरा दोष भौतिकीचा असून तो गंभीर आहे. टायर रोलरवर दबून होणारा व्यय आणि गिअरबॉक्समधील तेल ढवळण्यात जाणारी शक्ती ही मुख्यतः वेगावर आणि टायरवरील भारावर अवलंबून असते. इंजिन किती जोर लावते याच्याशी तिचा संबंध थोडा. गिअरच्या दातांच्या घर्षणातील व्यय जोराबरोबर वाढतो हे खरे, पण एकूण व्ययाचा तो एक भाग झाला. तेव्हा त्याच गाडीच्या इंजिनाची शक्ती 100 वरून 200 अश्वशक्तीवर नेली तर व्ययही 15 वरून 30 होतो, म्हणजे त्याच गिअरबॉक्सने आणि त्याच टायरांनी आता बावीसेक किलोवॉट उष्णता सोसावी, असे मानण्यास आधार नाही; उलट इंजिन सुधारल्याचा दावा करणाऱ्याला असा नियम फारच सोयीचा पडतो, कारण त्याने मिळवलेल्या प्रत्येक अश्वशक्तीवर नियमच काही अंश बहाल करतो. क्लच दाबून रोलर आपोआप मंदावू देणे आणि त्यावरून व्यय काढणे ही पद्धत निश्चितच अधिक प्रामाणिक आहे, तथापि त्या वेळी दातांवर इंजिनाचा भार नसल्याने तिचेही उत्तर अपुरे राहते.

ज्या यंत्रांत ब्रेक नसतो, तर केवळ जड रोलर किती झपाट्याने वेग घेतो यावरून शक्ती काढली जाते, त्या जडत्वाधारित यंत्रांत आणखी एक गोम आहे. अशा यंत्रावर इंजिनाला रोलरबरोबरच स्वतःचे फ्लायव्हील आणि गाडीची चाकेही वेगात आणावी लागतात, पण नोंद होते ती केवळ रोलरची. म्हणून हलकी चाके बसवल्यावर इंजिनाला हातही न लावता आकडा वाढतो, आणि खालच्या गिअरमध्ये चाचणी घेतली तर तो घटतो.

हवेची दुरुस्ती हा असाच दुर्लक्षित विषय. विरळ किंवा तापलेल्या हवेत इंजिनाला प्राणवायू कमी मिळतो, त्यामुळे आकडा प्रमाणित हवेला अनुसरून बदलून सांगण्याची रीत आहे, आणि ती योग्यच आहे. मात्र अमेरिकन सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह इंजिनिअर्स, म्हणजे एसएई, या संस्थेच्या जुन्या प्रमाणात ही हवा अधिक थंड आणि दाट धरलेली असल्याने, तेच प्रमाण निवडणाऱ्या गॅरेजला सुमारे चार टक्के फुकटात मिळतात. नव्या प्रमाणाने, 25 अंश तापमानाला, मुंबईत ही दुरुस्ती जवळजवळ शून्य येते, तर समुद्रसपाटीपासून 560 मीटर उंचीवरच्या पुण्यात ती सुमारे सात टक्के होते. आणि हवेचा दाब स्वतःच राखणाऱ्या टर्बो इंजिनाला तीच पूर्ण दुरुस्ती लावली, तर न घटलेली शक्ती भरून दिल्यासारखे होते.

एवढे दोष पाहिल्यावर दुसऱ्या मताचा विजय झाला असे वाटेल. तसे नाही. मोजण्याच्या अटी न सांगण्याचा दोष निर्मात्यांकडेही होता. अमेरिकेत 1971 पर्यंत अनेक निर्माते एअर फिल्टर, अल्टरनेटर आणि सायलेन्सरविना चालवलेल्या इंजिनाची स्थूल शक्ती जाहीर करत. कॅडिलॅक एल्डोराडोचे 8.2 लिटरचे इंजिन 1971 मध्ये 365 अश्वशक्तीचे होते आणि 1972 मध्ये, निव्वळ शक्ती सांगण्याची पद्धत येताच, 235 चे झाले. अशा जाहीर आकड्यांवर पहारा ठेवण्याचे काम चाकांखालच्या रोलरने केले आहे. फोर्डच्या 1999 च्या मस्टँग कोब्राची शक्ती 320 अश्वशक्ती सांगितली गेली होती. रोलरवर ही गाडी अपेक्षेपेक्षा खूपच मागे पडते असे मालकांना आणि वाहनविषयक नियतकालिकांना आढळले. एका यंत्राचा एक आकडा वादग्रस्त ठरला असता, पण अनेक गाड्यांची तूट एकाच दिशेची होती. फोर्डने ऑगस्टमध्ये विक्री थांबवली आणि विकलेल्या गाड्यांचे इनटेक मॅनिफोल्ड, इंजिनाचा संगणक आणि एक्झॉस्टचा मागील भाग बदलून दिला. रोलरला अर्थच नसता तर एवढ्या मोठ्या कंपनीने हा खर्च केला नसता. एसएईनेही पुढे स्वतंत्र साक्षीदारासमोर घेतलेल्या चाचणीलाच प्रमाणपत्र देण्याची पद्धत सुरू केली.

यावरून मंडनाची बाजू स्पष्ट होते. रोलरवरील आकडा चाकांवरील शक्तीचाच आकडा म्हणून सांगितला, तर तो खरा आणि उपयोगी असतो. त्यात कल्पित टक्केवारी मिसळली की तो इंजिनाचाही राहत नाही आणि चाकांचाही. इंजिनात केलेल्या बदलाचा परिणाम पाहण्यासाठी चाकांवरील शक्ती पुरेशी आहे, किंबहुना रस्त्यावर गाडीला उपयोगी पडणारी शक्तीही तीच. बदलापूर्वीची आणि नंतरची चाचणी त्याच यंत्रावर, शक्यतो त्याच दिवशी, त्याच गिअरमध्ये, टायरमध्ये तेवढीच हवा ठेवून आणि गाडी तेवढीच ताणून बांधून घेतली, तर वर सांगितलेले बहुतेक दोष दोन्ही बाजूंना सारखे लागू होऊन वजाबाकीत नाहीसे होतात. म्हणून मालकाने गॅरेजकडून दुरुस्ती न केलेला मूळ आकडा, त्या वेळचे तापमान व हवेचा दाब, वापरलेले दुरुस्तीचे प्रमाण आणि चाचणीचा गिअर हे सारे अहवालावर लिहून मागावे, आणि ते मिळत नसेल तर चाचणीचे पैसे देऊ नयेत.